फाशीची शिक्षा आपल्या कायद्यातून काढून टाकावी का?

पारिजात (धागाकर्ती)

नाशिक जिल्ह्यातल्या एका खटल्याने माझं मत बदललं. २००३ साली शेतावरच्या एका झोपडीवर दरोडा पडला, पाच जणांचे खून झाले, बलात्कारही झाला. भटक्या जमातीतल्या सहा गरीब माणसांना पकडलं. सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कमी करून जन्मठेप दिली, तर २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशी सुनावली. मग मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने आपला निकाल मागे घेतला आणि सहाही जणांना निर्दोष सोडलं! वाचलेल्या साक्षीदार बाईने पोलिसांकडच्या फोटोंतून या सहांपैकी नसलेल्या दुसऱ्याच चौघांना ओळखलं होतं आणि त्यांचा तपासच झाला नव्हता.

सोळा वर्षं गेली त्यांची. भरपाई म्हणून प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश झाला. पण ते घ्यायला ही माणसं जिवंत होती, ती केवळ फाशी लांबली म्हणून. जी शिक्षा चुकली तर परत घेता येत नाही, ती देण्याचा अधिकार सरकारच्या हाती नसावा असं मला मनापासून वाटतं.

कातळ

पारिजातताई, त्या सहा जणांबद्दल वाईट वाटतंच. पण तुमच्या अख्ख्या लेखनात मेलेल्या पाच जणांना एक वाक्य मिळालं. नेहमी असंच होतं. आरोपीचं वय, गरिबी, तुरुंगातली वर्षं सगळं मोजलं जातं, आणि ज्याची मुलगी गेली तो बाप वीस वर्षं तारखांना हजर राहतो, ते कुणी मोजत नाही.

शिवाय फाशी इथे ऊठसूट होते का? सर्वोच्च न्यायालयाच्या १९८० च्या बच्चन सिंग निकालापासून ती फक्त ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणात देता येते. २००० नंतर संपूर्ण देशात आठ जण फासावर गेले, त्यातले चार २०२० मध्ये दिल्लीच्या सामूहिक बलात्कार प्रकरणातले. आणि नाशिकच्या खटल्यात चूक शेवटी न्यायालयानेच सुधारली ना?

निशिगंध

कातळ, ती सुधारली, पण दर वेळी सुधारत नाही. राजस्थानातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फक्त गुन्ह्याचं क्रौर्य बघितलं, गुन्हेगाराची परिस्थिती लक्षातच घेतली नाही. बच्चन सिंग निकालाप्रमाणे ती बघणं बंधनकारक होतं. १९९६ मध्ये त्या माणसाला फाशी झाली. २००९ साली न्यायालयाने म्हटलं की तो निकाल नियमाला धरून नव्हता. गुन्हा त्यानेच केला होता, यावर वाद नाही. पण त्याला फाशीच व्हायला हवी होती का, हा प्रश्न विचारायला तेरा वर्षं उशीर झाला.

ध्रुवतारा

सगळे खुनाबद्दलच बोलताय, दहशतवादाचं काय? डिसेंबर १९९९ मध्ये अतिरेक्यांनी आयसी-८१४ विमान पळवून कंदाहारला नेलं आणि प्रवाशांच्या बदल्यात मसूद अझहरसह तिघांना सोडावं लागलं. अतिरेकी तुरुंगात जिवंत असेल तर त्याच्यासाठी उद्या कुणाचं तरी अपहरण होणार. कसाबला २०१२ मध्ये येरवड्यात फाशी झाली, तो विषय तिथे संपला.

पारिजात

ध्रुवतारा, तुमचा मुद्दा मला सर्वांत जड वाटतो, तो टाळत नाही. सरकारला कायद्यातल्या सुधारणा सुचवणाऱ्या विधी आयोगानेही २०१५ मध्ये फाशी रद्द करायची शिफारस करताना दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे अपवाद ठेवले होते. पण कंदाहारचंच बघा. अझहर १९९४ पासून तुरुंगात होता आणि तोवर कोणत्याही न्यायालयाने त्याला फाशी सुनावलीच नव्हती. म्हणजे कायद्यात फाशी असूनही ते अपहरण झालंच. आणि बॉम्बस्फोटानंतर कुणालातरी लवकर पकडून दाखवायचा दबाव सर्वांत जास्त असतो, म्हणजे माणूस चुकीचा सापडायची भीतीही तिथेच जास्त.

कातळ, ते एकच वाक्य मला लागलं. तुमचं बरोबर आहे. पण निरपराध माणूस फासावर गेला तर खरा मारेकरी मोकळाच राहतो, आणि त्या बापाला हे कळतही नाही.

सायली

कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींची फाशी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात कायम झाली. पुढे दयेचा अर्ज सरकारने सात वर्षांहून जास्त काळ अडकवून ठेवला, आणि त्या उशिरापायीच २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने फाशीची जन्मठेप केली. मुलं गेलेल्या आयांना काय मिळालं? २००६ च्याच निकालात ‘मरेपर्यंत तुरुंग, सूट नाही’ म्हटलं असतं तर निदान वाट बघणं तरी संपलं असतं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाला अशी शिक्षा देता येते, हे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही मान्य केलंय.

कातळ

सायली, असं खरंच होणार असेल तर मी विचार करीन, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझा राग फास हवा म्हणून नाही, जन्मठेपेतून चौदा वर्षांनी सुटलेल्यांचं हार घालून स्वागत होतं त्यावर आहे. पण त्याच २०१५ च्या निकालाने राज्यघटनेच्या कलम ७२ आणि १६१ खालचा राष्ट्रपती-राज्यपालांचा माफीचा अधिकार अबाधित ठेवलाय. न्यायालयाने ‘सूट नाही’ लिहिलं तरी उद्याचं सरकार त्या वाटेने सोडू शकतं. फाशी काढा म्हणणाऱ्यांनी आधी ही वाट कशी बंद करणार ते सांगावं.