महाप्रसादाची बुंदी आणि दोन मणिपुरी मुली: मी गप्प बसले, आता काय करू?

पाथर्डीफाटा_तिसरामजला

आमची सोसायटी नाशिकला, पाथर्डी फाट्याला, ४२ फ्लॅट. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये जूनपासून मणिपूरच्या दोन मुली भाड्याने राहतात. दोघी नर्स. नाइट करून सकाळी आठला येतात तेव्हा जिन्यात चप्पलसुद्धा वाजू देत नाहीत. एक मैतेई, गळ्यात तुळशीची माळ, घरात कृष्णाचा फोटो. दुसरी तांगखुल नागा, ख्रिश्चन.

गणपतीत पार्किंगमध्ये महाप्रसादाची पंगत होती. माळवाली मुलगी ओढणी कमरेला खोचून आली आणि बुंदीची बादली उचलून वाढायला लागली. चार पानं वाढून झाली असतील. सेक्रेटरी काकांनी हसत हसत तिच्या हातातली बादली घेतली. "राहू दे बेटा, यू आर गेस्ट, यू सिट." इथपर्यंत ठीक. मग आचाऱ्याकडे वळून हळूच म्हणाले, "ही बाजूला ठेव, दुसरी काढ." मी शेजारीच वरणाचं पातेलं धरून उभी होते, म्हणून ऐकू आलं.

ती बादली लिफ्टमागे ठेवली. संध्याकाळपर्यंत मुंग्या लागल्या. मग झाडूवाल्या मावशींना बोलावून दिली, "घरी मुलांना घेऊन जा."

रात्री सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कुणीतरी टाकलं, 'यंदा बुंदीऐवजी मोमो असणार होते.' अकरा जण हसले. त्यात माझा नवराही होता. मी काही लिहिलं नाही.

आता माझी अडचण. हे काका वाईट माणूस नाहीत. कोरोनात रात्री दोन वाजता माझ्या सासऱ्यांना स्वतःच्या गाडीत घालून त्यांनी बेडसाठी चार हॉस्पिटलं फिरली. दर एकादशीला हरिपाठ तेच घेतात, पौषात निवृत्तिनाथांच्या यात्रेला त्र्यंबकला पायी जातात. 'भेदाभेद अमंगळ' म्हणताना त्यांचा आवाज खरोखर भरून येतो, नाटक नाही ते. म्हणून तर जास्त लागलं. जी मुलगी स्वतः वैष्णव, जिच्या घरी रासलीला म्हणजे पूजा, तिच्या हातची बुंदी यांना चालेना!

त्यांच्याशी बोलायचं कसं? ग्रुपवर, घरी जाऊन, की वार्षिक सभेत?

अशोकस्तंभ_५५

ताई, विषय वाढवू नका. भाडेकरू ११ महिन्यांचे, तुम्हाला जन्म तिथे काढायचाय. काकांच्या मनात तसं नसेलही. पाहुण्याला काम सांगत नाहीत आपल्याकडे.

पाथर्डीफाटा_तिसरामजला

पाहुण्याच्या हातची बादली लिफ्टमागे ठेवतात का आपल्याकडे?

कोर्टकचेरी

वकील आहे म्हणून आधी कायद्याचं. संविधानाच्या १७ व्या अनुच्छेदाने अस्पृश्यता संपवली, १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा त्यासाठीच आहे. २०१२ मध्ये केंद्रीय गृहखात्याने राज्यांना कळवलं होतं, की ईशान्येकडच्या लोकांना चेहऱ्यावरून हिणवणाऱ्यांवर, ती व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची असेल तर, अॅट्रॉसिटीखालीही कारवाई होऊ शकते. तांगखुल जमातीच्या यादीत आहेत, मैतेई नाहीत. म्हणजे एकाच खोलीतल्या दोन मुलींना एकच शब्द ऐकवला, तर कायदा दोघींसाठी वेगळा.

पण माझा सल्ला कायद्याचा नाही. तुमच्या प्रसंगात पुरावा काय? एक हळू आवाजातलं वाक्य आणि मुंग्या लागलेली बादली. शिवाय तक्रार करायची की नाही हे त्या मुलींनी ठरवायचं. तुम्ही त्यांना विचारलंत का? इथे सगळे त्यांच्याबद्दल बोलतायत.

पंचवटीचा_नातू

माझे पणजोबा काळाराम सत्याग्रहात होते. २ मार्च १९३० ला सुरू झाला, दादासाहेब गायकवाड पुढे, बाबासाहेबांचं नेतृत्व. मंदिराचे चारही दरवाजे बंद केले होते. एप्रिलमध्ये रथाच्या दिवशी दगडफेक झाली. पाच वर्षं हे चाललं, दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५, येवला, 'हिंदू म्हणून मरणार नाही'. तेही आपल्याच जिल्ह्यात.

आमच्या घरी पणजोबांची गोष्ट दगडांची नव्हती. आजी सांगायची, की उन्हात बसलेल्या बायकांना प्यायला पाणी हवं होतं आणि गंगा तर शंभर पावलांवर. (बाहेरच्यांसाठी: नाशिककर गोदावरीला गंगा म्हणतात.) दरवाजा बंद करणारेही रामाचं नाव घेऊनच बंद करत होते. तुमच्या काकांच्या भरून आलेल्या आवाजावर मी विश्वास ठेवतो. त्या लोकांचाही भरून येत असणार.

ग्रुपवर लिहू नका. तिथे लोक जिंकायला येतात. घरी जा.

सुरगाण्याचा_मास्तर

मी कोकणा आदिवासी, सिडकोत राहतो, शाळेत शिक्षक. 'तुम्ही आदिवासी वाटत नाही हो, सर' हे कौतुक म्हणून ऐकत आलोय.

ताई, राग मानू नका, पण तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य खटकलं. ती वैष्णव, तुळशीची माळ, तरी तिच्या हातचं चालेना, असं तुम्ही लिहिलंत. दुसरी मुलगी वाढायला आली असती तर? ती तर ख्रिश्चन, डुक्कर खाणारी. मग बादली बाजूला ठेवली ते बरोबर का? काकांशी बोलताना माळेचा मुद्दा काढू नका. ते लगेच म्हणतील, "अरेरे, आधी माहीत असतं तर!" आणि सगळं तिथेच मिटेल. माळ नसलेलीचं काहीच होणार नाही.

आणि अजून एक. तुमच्या घरी कामाला येणाऱ्या ताईंचा कप कुठे असतो?

अशोकस्तंभ_५५

झालं, आता विचारणाऱ्या बाईंनाच आरोपी करा.

पाथर्डीफाटा_तिसरामजला

आठ दिवसांनी लिहितेय.

मास्तर, कप गॅलरीत, कोरफडीच्या कुंडीमागे असतो. कान तुटलेला, वर सूर्यफूल. सासूबाईंनी ठेवलेला, पण दहा वर्षं रोज त्यात चहा मीच ओततेय. तुमचं वाचून आधी चिडले, मग गॅलरीत गेले.

मुलींना विचारलं. माळवाली म्हणाली, "दीदी, बाल्टी का मुझे पता था." तिने पाहिलं होतं! दुसरी म्हणाली, की तक्रार नको, घरमालक करार वाढवणार नाही. याआधीच्या दोन सोसायट्यांनी फोनवर हो म्हणून चेहरा बघितल्यावर 'फॅमिलीलाच देतो' सांगितलं होतं.

काकांकडे गेले. माळेचं बोलले नाही. म्हटलं, "काका, ती बुंदी लिफ्टमागे का ठेवली?" ते म्हणाले, "अगं, मी तिला बेटाच म्हटलं." म्हटलं, "हो, मी ऐकलं. बुंदी का ठेवली?" बराच वेळ पेपरच्या घड्या घालत बसले. मग म्हणाले, "लोक जेवले नसते." मी विचारलं, कोणते लोक, नावं सांगा. काकूंनी आतून चहा आणला, विषय थांबला. तेव्हापासून लिफ्टमध्ये भेटले की माझ्याकडे नाही, आकड्यांकडे बघतात. पण मोमोचा मेसेज टाकणाऱ्याला त्यांनी फोन केला म्हणे. काय बोलले माहीत नाही.

नवऱ्याशी भांडण झालं, ते इथे लिहीत नाही.

काल सूर्यफुलाचा कप टाकून दिला आणि ताईंना आमच्या कपात चहा दिला. त्यांनी कपाकडे पाहिलं, सासूबाईंच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं आणि उभ्याउभ्याच, फुंकर न मारता, पटकन पिऊन टाकला. मग स्वतःच विसळून, पुसून कपाटात अगदी मागच्या रांगेत ठेवला. "आजींना सांगू नका," म्हणाल्या.

सासूबाईंशी बोलायचं अजून राहिलंय. काका त्या मानाने सोपे होते.