मेटाबेसची सिस्टमडी सर्व्हिस बनवली आणि सगळे डॅशबोर्ड गायब!!

लाइटगेली_परत
मंडळी घाम फुटलाय, जरा बघा. ऑफिसातल्या जुन्या पीसीवर उबुंटू २२.०४ टाकून मेटाबेस (डेटाचे डॅशबोर्ड दाखवणारा प्रोग्राम) चालवतोय, रॅम ४ जीबी. आत्तापर्यंत नोहपने (टर्मिनल बंद केलं तरी प्रोग्राम चालू ठेवणारी कमांड) त्याची जार, म्हणजे जावा प्रोग्रामची फाइल, चालू करून ठेवलेली, काही त्रास नव्हता, फक्त लाइट गेली की मशीन परत चालू होतं पण मेटाबेस होत नाही, मग साहेबांचा फोन, मग मी घरून एसएसएच (लांबून लॉगिन) करून परत तीच कमांड मारायची. काल म्हटलं सिस्टमडीची (उबुंटूत प्रोग्राम आपोआप चालू करणारा) सर्व्हिस करूनच टाकू. एक्झेकस्टार्टमध्ये, म्हणजे कुठली कमांड चालवायची त्या ओळीत, आधी टिल्डवाला (~, होम फोल्डरची खूण) पाथ दिला तर जावा म्हणे जारफाइल सापडत नाही, पूर्ण पाथ टाकला तर हिरवं ॲक्टिव्ह दिसलं. खूश होऊन ३००० पोर्ट उघडला तर वेलकमचं पान, भाषा निवडा, नाव टाका. म्हणजे कोरं करकरीत. युनिट फाइलमध्ये (सर्व्हिसची सेटिंग फाइल) एक्झेकस्टार्ट आणि रीस्टार्ट एवढंच लिहिलंय. डेटा गेला का?

डॉकरप्रेमी
डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवणारं) वापरा, विषय संपला.

जारबाई
विषय कसला संपतो, डॉकरमध्ये व्हॉल्यूम (कंटेनरबाहेरची डेटाची जागा) दिला नाही तर कंटेनर उडवला की मेटाबेसची डेटाची फाइलच जाते.

@लाइटगेली_परत डेटा कुठे गेला नाहीये, घाबरू नका. फक्त आत्ता काही डिलीट करू नका आणि सर्व्हिस थांबवा. मेटाबेसला वेगळा डेटाबेस दिला नाही तर तो एचटू (सगळं एका फाइलमध्ये ठेवणारा छोटा डेटाबेस) वापरतो, आणि त्याची फाइल जिथून जावा चालू केलं त्या फोल्डरमध्ये शोधतो, नाही मिळाली तर गुपचूप नवीन बनवतो. तुम्ही आधी होम फोल्डरमधून चालवत होतात. सिस्टमडीला वर्किंगडिरेक्टरी (कुठल्या फोल्डरमधून चालवायचं ते) सांगितली नाही की तो थेट सगळ्यात वरच्या फोल्डरवर, म्हणजे नुसत्या स्लॅशवर (/) उभा राहतो. तुम्ही युझरही दिलेला नाही, म्हणजे रूट युझर (सगळे अधिकार असलेला) म्हणूनच चाललंय, म्हणून लिहायलाही कोणी अडवलं नाही. युझर दिला असता तर परमिशनची एरर येऊन लगेच कळलं असतं, बघा. स्लॅशमध्ये एलएस (फाइलींची यादी) मारा, तिथे मेटाबेस डॉट डीबी डॉट एमव्ही डॉट डीबी दिसेल, शेजारी प्लगिन्सचं फोल्डरपण.

लाइटगेली_परत
आहे!! दोन्ही आहेत. आणि जुनी मोठी फाइल होममध्ये जशीच्या तशी. ताई जीव वाचवलात. आता काय करू?

जारबाई
मेटाबेस नावाचा वेगळा युझर करा, ऑप्टमध्ये फोल्डर करा, जार आणि जुनी फाइल तिकडे कॉपी करा (सर्व्हिस बंद असतानाच, चालू एचटूची कॉपी बिघडलेली निघू शकते), मग चोन कमांडने (chown) मालकी त्या युझरला द्या. युनिटमध्ये युझर आणि वर्किंगडिरेक्टरी लिहा, डेमन-रीलोड करा, म्हणजे सिस्टमडी युनिट परत वाचेल. आणि सर्व्हिस एनेबल (मशीन उठताना आपोआप चालू) केलीये ना? नुसतं स्टार्ट केलं तर लाइट गेल्यावर परत तेच रडगाणं.

खवट_ॲडमिन
ताईंनी बरोबर सांगितलं, पण एचटूवर कायमचं राहू नका, मेटाबेसवाले स्वतःच सांगतात की खऱ्या वापराला पोस्टग्रेस नाहीतर मायएसक्यूएल डेटाबेस घ्या. त्यात लाइट जाते म्हणताय, लिहिता लिहिता करंट गेला की ती एकच फाइल बोंबलते. रिकामा पोस्टग्रेस डेटाबेस करून त्याच जारला लोड-फ्रॉम-एचटू (एचटूतून डेटा आण) सांगितलं की सगळं हलतं. तोवर रोज रात्री सर्व्हिस थांबवून फाइलची कॉपी तरी घ्या.

अजून एक, जावा स्वतःहून रॅमच्या पावभागच हीप (प्रोग्रामसाठीची मेमरी) घेतं, तुमच्याकडे १ जीबी. कमी पडलं तर एक्सएमएक्स (हीपची मर्यादा) २ जीबी द्या, पण तो शब्द हायफन-जारच्या आधी लिहा, नंतर लिहिला तर तो जावाला मिळतच नाही, मेटाबेसला जातो. यावर मी एकदा अख्खी दुपार घालवलीये.

लाइटगेली_परत
झालं सगळं, डॅशबोर्ड परत आले 🙏 पण स्टॉप केलं की लाल अक्षरात फेल्ड आणि १४३ दाखवतंय, हे काय आता?

जारबाई
काही नाही, सिस्टमडीने सिगटर्म (बंद हो हा सिग्नल, नंबर १५) पाठवला आणि जावा शहाण्यासारखं बंद झालं, म्हणून कोड १२८ अधिक १५. युनिटमध्ये सक्सेसएक्झिटस्टेटस १४३ टाका, लाल जाईल.

लाइटगेली_परत
गेलं. मुद्दाम रीबूट मारून बघितलं, आपोआप उठलं. फक्त पान यायला मिनिटभर लागतंय, आणि तेवढ्यात साहेबांचा फोन आलाच.