मदत हवी आहे: दादाला बसून स्कीइंग करायचंय, कमी खर्चात कसं जमवावं?

नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरला राहतो. फेब्रुवारीत दादा साताऱ्याहून येतोय. सहा वर्षांपूर्वी अपघातात त्याच्या मणक्याला इजा झाली, कमरेखाली संवेदना नाही, व्हीलचेअर वापरतो. पण खांदे भक्कम आहेत, आणि बर्फावरून घसरायचंच असं त्याने ठरवलंय.

डेन्व्हरजवळच्या विंटर पार्क या स्की रिसॉर्टला 1970 पासून अपंगांना स्कीइंग शिकवतात, तिथेच न्यायचा विचार आहे. मोनो-स्कीत बसायच्या सीटखाली एकच स्की असते आणि तोल हातातल्या छोट्या स्की लावलेल्या काठ्यांवर सांभाळायचा. बाय-स्कीला खाली दोन स्की, मागून शिक्षक दोरी धरतो. पहिल्यांदाच जाणाऱ्याने कशापासून सुरुवात करावी?

खर्चाचं म्हणाल तर तिथे मुक्काम परवडणारा नाही. हिवाळ्यात डेन्व्हरच्या युनियन स्टेशनवरून थेट रिसॉर्टपाशी जाणारी रेल्वे असते. व्हीलचेअर घेऊन तिने कुणी गेलंय का? की शेजारच्या फ्रेझर गावात स्वस्तात एक रात्र काढावी? फी परवडत नसेल तर सवलतीसाठी अर्ज कधी करावा लागतो?

खरी काळजी त्याच्या पायांची आहे. गारठा त्याला कळतच नाही. मागे महाबळेश्वरच्या थंडीतसुद्धा मोजे काढले तेव्हा बोटं पांढरी पडली होती, आणि हा मजेत चहा पीत बसलेला! दर किती वेळाने पाय तपासता? बेडसोर होऊ नये म्हणून स्वतःची उशी त्या सीटवर चालते का? आणि भारतातून काढलेल्या प्रवास विम्यात स्कीइंग धरतात का, हेही अनुभवी लोकांनी कृपया सांगा.