पहिल्यांदाच आफ्रिकन सिक्लिड मासे घ्यायचेत, टाकी दोन फुटी, कुठले घेऊ?

भांडुपची_मीन

नमस्कार मंडळी. दीड वर्षापासून घरात दोन फुटी टाकी आहे, दोन बाय एक बाय एक. गप्पी होते, आता उरलेले नणंदेकडे चाललेत. गेल्या रविवारी कुर्ल्याच्या मार्केटला गेलो होतो तिथे एका टाकीत पिवळेधमक, निळे, पट्ट्यापट्ट्यांचे आफ्रिकन सिक्लिड बघितले आणि मुलगा तिथून हलायलाच तयार नाही. दुकानदार म्हणाला मिक्स आफ्रिकन दहा घेऊन जा, सगळे एकत्र राहतात. मी म्हटलं आधी विचारते आणि मगच घेते. तर या टाकीत होतील का? नवख्या माणसाला सांभाळता येतील असे शांत कुठले? आणि नळाचं पाणी चालतं का, की त्यात मीठ वगैरे टाकायला लागतं? अगदीच गरज पडली तर टीव्हीच्या भिंतीला तीन फुटी टाकी बसेल, त्याहून मोठी नाही.

दादरचा_काचवाला

ताई, बरं झालं घेऊन नाही आलात. मिक्स म्हणून जी पिल्लं विकतात त्यात ऑराटस, केनी असल्या भांडखोर जाती, काय वाट्टेल ते असतं आणि दीड इंचाची असताना सगळीच गोड दिसतात. माझ्याकडे हेच झालं, एका दुकानातून अशी दहा पिल्लं आणली, त्यातला एक पिवळा ऑराटस सहा-सात महिन्यांत काळा पडत गेला (तो नर निघाला, नर मोठा झाला की काळा होतो) आणि त्याने अख्खी टाकी ताब्यात घेतली, बाकीचे सगळे हीटरच्या मागे नाहीतर वरच्या कोपऱ्यात, शेपट्या फाटलेल्या, खायला टाकलं तरी खाली यायची हिंमत नाही. सकाळी उठून टाकीकडे बघायची भीती वाटायची. शेवटी त्याला दुसऱ्याला दिला पण तोवर चार गेले होते.

तुमची टाकी जेमतेम ५५ लिटरची, तुम्ही बघितलेले हे आफ्रिकेतल्या मलावी तलावाचे मासे त्यात नकोत. तीन फुटी करणार असाल तर ३ बाय दीड बाय दीड करा, १८०-१९० लिटर होतात, आणि त्यात फक्त यलो लॅब सोडा, सहा-आठ पिल्लं एकदम. तुमच्या मुलाने बघितलेला पिवळाधमक मासा बहुतेक तोच असणार, वरच्या परावर काळी पट्टी होती का बघा. म्बुना म्हणजे मलावीतले खडकात राहणारे मासे, त्यातला हा खूपच शांत. रस्टी पण चांगला, जांभळट-तपकिरी रंगाचा, पण मिळायला वेळ लागतो. डेमासोनी कितीही सुंदर दिसला तरी आत्ता नको.

दगड भरपूर लागतात, आणि ते आधी काचेवर नीट बसवायचे, खाली थर्माकोल किंवा प्लास्टिकची शीट घालून, मग वाळू. हे मासे वाळू उकरतात, वाळूवर रचलेला ढीग एक दिवस कोसळतो आणि काच जाते. अजून एक, म्बुनांना ट्युबिफेक्स आणि ब्लडवर्म हे किडे-अळ्यांचं खाणं घालू नका, तलावात ते दगडावरचं शेवाळ खरवडून खातात, जड खाणं मिळालं की पोट फुगतं आणि मासा जातो. स्पिरुलिनाचे दाणे, मधूनमधून उकडलेला मटार साल काढून, बास.

माहीमची_मावशी

मला वेगळं सांगायचंय. पाण्याचा विचार आधी कर गं. मलावीचं पाणी कडक, म्हणजे क्षार जास्त असलेलं, पीएच (पाणी किती आम्ल की अल्क त्याचं माप) साधारण ७.८ ते ८.६, आणि आपल्या नळाला येतं ते भातसा, तानसा, वैतरणेचं, म्हणजे पावसाचं साठवलेलं मऊ पाणी. मीठ टाकून ते कडक होत नाही, खाण्याच्या मिठाने पाणी नुसतं खारट होतं. त्यासाठी कोरलची वाळू, फिल्टरमध्ये कोरलचे तुकडे असं करावं लागतं आणि दर आठवड्याला पाणी बदलताना सांभाळावं लागतं. होतं, लोक करतात. पण पहिल्याच वेळी पाण्याशी भांडायचं कशाला?

क्रिबेन्सिस घे. तोही आफ्रिकनच, पण तलावातला नाही, नायजेरियाकडच्या नद्यांमधला. मऊ पाण्यात मजेत राहतो, नर चार इंचापर्यंत, मादी त्याहून लहान, दोन फुटी टाकीत एक जोडी छान होते. झाडं लावलीस तरी चालतात, म्बुना ती कुरतडून टाकतात. माझी मादी अंडी द्यायच्या आधी पोटाला पिकल्या करवंदासारखी लाल-जांभळी होते, नरासमोर अंगाची कमान करून थरथरत उभी राहते, मग दोन-चार दिवस गुहेत गायब. अंडी गुहेच्या आतल्या छताला चिकटवलेली असतात. आठवड्याभराने पिल्लांचा एवढासा ढग घेऊन बाहेर येते आणि मी काचेला बोट लावलं तर बोटावर धावून येते. मी संध्याकाळचा चहा टाकीसमोरच घेते. पिल्लं असताना टाकीत दुसरे मासे मात्र नको, ही जोडी त्यांना मारते.

दादरचा_काचवाला

मावशींचं पटतंय. दोन फुटीच ठेवणार असाल तर क्रिबच घ्या. यलो लॅब घेणार असाल तर मात्र रिकामी टाकी आधी चार-सहा आठवडे फिल्टर चालवून आणि त्यात चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहून नीट सायकल होऊ द्या, म्हणजे घाणीतून होणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये तयार होऊ द्या, कारण पीएच जास्त असलं की अमोनिया जास्त विषारी होतो, गप्पींच्या वेळी जे खपून गेलं ते इथे खपणार नाही.

परळ_चौथा_मजला

तीन फुटीचं वजन कोणी बोललं नाही म्हणून. १९० लिटर म्हणजे १९० किलो नुसतं पाणी, वर काच, दगड, वाळू, स्टँड. भिंतीला लागून, बीमच्या जवळ ठेवा, आणि बिल्डिंग जुनी लाकडी फ्लोरिंगची असेल तर करूच नका. मे महिन्यात माझ्या टाकीतलं पाणी ३२ ला जातं, तेव्हा झाकण काढून वर छोटा फॅन आणि एअर पंप चोवीस तास चालू, नाहीतर मासे वर येऊन धापा टाकतात.

भांडुपची_मीन

सगळ्यांना मनापासून थँक्यू. काळी पट्टी होती, मुलाला विचारलं, त्याने चित्रच काढून दाखवलं. त्याला पिवळाच हवाय, पण मी सांगितलं आधी क्रिबची जोडी वर्षभर सांभाळून दाखवू, मग बाबांना तीन फुटीचं विचारू, तो तयार झाला. मावशी, गुहेसाठी काय ठेवलंय तुम्ही? दुकानातले ते रंगीत किल्ले घेऊ का?

माहीमची_मावशी

किल्ले नको, रंग सुटतो. नारळाची करवंटी घे, अर्धी. आतलं खोबरं पूर्ण खरवडून टाक, कणभरही राहिलं तर पाणी सडतं. दोन-तीन वेळा पाणी बदलून उकळ, पाणी चहासारखं व्हायचं कमी झालं की झाली. मग कडेला दोन बोटं जाईल एवढीच खाच पाडून उपडी ठेव, दार मागच्या भिंतीकडे नको, थोडं तिरकं ठेव म्हणजे मुलाला आत बघता येईल. आणि दोन ठेव, कुठली घ्यायची ते मादी ठरवते.