वाडा की हॉटेल? आधी सारवणारीला विचारा

ढाळजेतला
परवा एकानं लिहिलं: "वेरूळ-अजिंठ्याला येऊन जो तारांकित हॉटेलात उतरतो, त्यानं मराठवाडा पाहिलाच नाही. वाड्यात उतरा, चौकात झोपा, चांदणं बघा." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

मी वाड्यात वाढलोय. पैठणकडचा वाडा, ढाळज म्हणजे दारातली ओसरी, चौक, मधी तुळस, परसात आड. चांदणं खरंय. पण श्रावणात माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत, गळायला लागलं की वडील रात्री दोनला कंदील घेऊन वर, पांढरी माती दाबत. अन् खाली आम्ही पातेली मांडत फिरायचो. चौक आई सारवायची. तिच्या नखातलं शेण सणाच्या दिवशीसुद्धा निघायचं नाही. पाहुणे म्हणायचे, "किती गार वाटतंय!"

मागच्या महिन्यात पुण्याच्या साडूला घेऊन अशाच एका 'वारसा' वाड्यात उतरलो. रात्रीचे साडेचार हजार. पितळी तांब्या, कंदिलात बल्ब. 'अस्सल मराठवाडी थाळी'त येसराची आमटी नाही, पनीर! संडास चौक ओलांडून, दोन पायऱ्या उतरून. साडूच्या आईचे गुडघे गेलेले. रात्री उठावं लागू नये म्हणून ती संध्याकाळपासून पाणीच प्यायली नाही. सकाळी गुमान हॉटेलात हलवलं. खोलीत पाय टाकल्या टाकल्या म्हातारीनं तीन गिलास पाणी प्यायलं. माझ्यापुरता निकाल लागला.

परभणीची_लेक
एक भंगार वाडा बघून सगळ्यांना झोडपायचं काहून? मे महिन्यात पारा ४२ च्या वर असतो तेव्हा आमच्या आजोळी दुपारी ढाळजेत गोधडी टाकून झोपायचो. दीड हात जाडीची भिंत, पंखा नाही. अन् तुमच्या हॉटेलात लाइट गेली की काच न उघडणारी खिडकी अन् जनरेटरची घरघर. सकाळी नाश्त्याला पाव अन् कॉर्नफ्लेक्स. सुशीला, म्हणजे आपला मुरमुऱ्यांचा नाश्ता, मागितली तर पोरगं रिसेप्शनवरच्या मुलीकडे बघायला लागलं, त्याला वाटलं मी कुणालातरी बोलवतेय.

टँकरवाला_नाही
मुद्दा वेगळाच आहे. हॉटेलात शॉवर चोवीस तास. आमच्या संभाजीनगरात (औरंगाबाद) नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही. जायकवाडी धरणाचा नाथसागर ५० किलोमीटरवर! मलिक अंबरनं ४०० वर्षांपूर्वी नहर काढून पाणी गावात आणलं, नंतरच्या दुसऱ्या नहरीवरची पाणचक्की आजही बघायला तिकीट काढता. आणि आपण ड्रम भरून ठेवतो. पाहुणे कुठंही उतरा, बाथटबात बसू नका एवढंच.

ढाळजेतला
दादा, पाण्याचा धागा वेगळा काढा.

टँकरवाला_नाही
वेगळा काढला होता. दोन प्रतिसाद आले, त्यातला एक माझाच.

औसा_रोड
माळवदाचं कौतुक वाचून हात थरथरायला लागले. ३० सप्टेंबर १९९३, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी गणपती बोळवले, लोकं थकून झोपलेली, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. माणसं भूकंपानं मेली नाहीत, दगड-मातीच्या भिंती अन् डोक्यावरच्या मातीनं मेली. माझा चुलता दुसऱ्या दिवशी दुपारी सापडला, तोंडात माती. मला कुणी फुकट दिलं तरी माळवदाखाली झोपणार नाही.

तुळई
दुःख मान्य, पण निदान चुकीचंय. माळवद मूळचं इतकं जड नसतं. गळलं की वर माती, पुन्हा गळलं की पुन्हा माती, जुनी काढायची नाही. अशी पिढ्यान्‌पिढ्या दोन-दोन फूट चढते. भिंतीत आरपार दगड नाहीत, दोन पापुद्रे अन् मधी चिखल. ते फाटणारच. आमच्याकडं भिंती बाहेर कोसळल्या पण सागवानी खांबांवर तुळया तशाच उभ्या राहिल्या, खाली सगळे जिवंत. दोष वाड्याचा नाही, देखभाल न करणाऱ्यांचा.

औसा_रोड
म्हणजे चुलत्यानं माती काढली नाही म्हणून मेला? शाब्बास.

तुळई
असं मी म्हटलं नाही. शब्द तोंडात घालू नका.

औसा_रोड
तोंडात काय घालायचं ते मी बघितलंय.

परभणीची_लेक
तुळईभाऊ, हे जरा जास्त झालं. माती काढायला गडी लावायचे पैसे कुणाकडं होते?

तुळई
बरं. चुकलं. 'दोष' शब्द मागं घेतो. माती चढते हे मात्र खरंच आहे, अन् त्याच कारणानं म्हणतो: वाड्यात उतरायचं असेल तर मालकाला आधी विचारा, माळवद उतरवून हलकं छत घातलंय का. गिलावा बघू नका, छत बघा.

औसा_रोड
हे आधी म्हणायचं होतं.

ढाळजेतला
म्हणजे वाड्यात उतरायला आता स्ट्रक्चरल ऑडिट लागणार. हॉटेलवाल्यांनी तुम्हाला हार घालायला पाहिजे.

परभणीची_लेक
एक सांगा, तुमचा पैठणचा वाडा आहे का अजून?

ढाळजेतला
विकला. घेणाऱ्यानं पाडला. दार तेवढं एका रिसॉर्टमध्ये लागलंय, सेल्फीसाठी. मागच्या वर्षी एका लग्नाला गेलो तेव्हा ओळखलं. कडीच्या वर माझ्या भावानं खिळ्यानं कोरलेला क्रिकेटचा स्कोअर होता.

परभणीची_लेक
अन् तुम्ही म्हणता हॉटेल बरं.

ढाळजेतला
म्हातारीसाठी हो. माझ्यासाठी विचारू नका.

नवीन_पाहुणी
मध्येच बोलते. आईला घेऊन डिसेंबरात येतेय. हुरडा खायचाय, लेणी बघायचीत. हॉटेल की वाडा एवढंच सांगा ना कुणीतरी! मंगळवारी सकाळी पोचतोय, लगेच वेरूळ करायचा विचार आहे.

तुळई
मंगळवारी वेरूळ बंद असतं. सोमवारी अजिंठा.

नवीन_पाहुणी
अय्यो. मग मंगळवारी काय करू?

परभणीची_लेक
हुरड्याच्या शेतावर जा. अन् संडास कुठं आहे ते फोनवर विचारून मगच कुठलीही खोली धरा.

ढाळजेतला
पायऱ्या किती तेही विचारा.