ब्रुनोची ट्राम चुकली म्हणून... (सिनेमातली घरं आणि आपली)

काल 'बायसिकल थीव्ज' (१९४८) परत पाहिला. कामाला लागणारी सायकल चोरीला गेलेला बाप शेवटी दुसऱ्याची सायकल चोरायच्या आधी पोराच्या, ब्रुनोच्या हातात पैसे ठेवतो, ट्रामने पुढे जा म्हणतो. म्हणजे चोरी करायचं ठरलंय, फक्त पोराच्या डोळ्यादेखत नको. आणि नेमकी ट्राम चुकते. मग पकडला जातो, लोक मारतात, पोरगं रडत बापाला बिलगतं आणि सायकलचा मालक त्या पोराकडे बघून सोडून देतो. माझ्या मुलाचं वय साधारण तेवढंच, त्यामुळे नंतर बराच वेळ झोप नाही. अडचणीच्या दिवसांत घरच्या माणसामुळे कुणीतरी नीट वागलं असा तुम्हाला लक्षात राहिलेला सिनेमा कुठला, आणि तो आपल्या घरात कुठे सापडला का? नुसती नावं टाकू नका, लिहा.

*

'सिंड्रेला मॅन' (२००५). महामंदीतला बॉक्सर जेम्स ब्रॅडॉक, त्याचा मुलगा खाटकाकडून सलामी चोरून आणतो. घरात खायला नाही तरी बाप त्याला घेऊन परत द्यायला जातो. मग कळतं की पोराच्या मित्राला खायला घालणं परवडेना म्हणून नातेवाईकांकडे पाठवलंय, आणि हा त्याच भीतीने चोरी करून बसलाय. बाप शब्द देतो, तुला कुठेही पाठवणार नाही.

बाबांची नोकरी गेली तेव्हा मी आठवीत होतो, वर्गातल्या एकाचा कंपास बॉक्स उचलून आणलेला. बाबा त्याच रात्री मला घेऊन त्याच्या घरी गेले, दारात उभं केलं आणि सॉरी म्हणायला लावलं. इथपर्यंत अगदी सिनेमा. फक्त का उचललास हे त्यांनी विचारलं नाही आणि मला ते अजून खुपतं, खरं सांगायचं तर. नंतर कधीच कुणाच्या वस्तूला हात लावला नाही हे मात्र आहे.

*

'चिल्ड्रन ऑफ हेवन', तो इराणी सिनेमा!! बहीणभाऊ एकच बुटांची जोडी आळीपाळीने वापरतात ते सगळ्यांना आठवतं, पण मला दुसरंच आठवतं. हरवलेले बूट दुसऱ्या मुलीच्या पायात दिसतात, दोघं मागे मागे तिच्या घरापर्यंत जातात, तिचा बाप आंधळा आहे हे बघतात आणि एक शब्द न बोलता माघारी. मी आणि ताई एकत्र पाहत होतो, दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं.

*

थोडा विरोधी सूर लावतो. प्रेमाने माणूस चांगला राहतो हे अर्धंच खरं. ब्रुनोचा बाप चोरी करतो ती घरासाठीच ना? 'मदर इंडिया'तला (१९५७) मुलगा बिरजू सावकाराकडे गहाण पडलेल्या आईच्या कंगनांपायीच पेटलेला असतो, आणि शेवटी आईलाच त्याच्यावर गोळी झाडावी लागते.

आमच्या मामाने मुलाच्या फीसाठी ऑफिसच्या पैशाला हात लावला होता. मामीला कळल्यावर तिने दागिने विकले, पैसे भरून टाकले आणि आजतागायत घरात त्यावर एक वाक्य नाही. मामा मात्र तेव्हापासून पगार झाला की पाकीट सगळं तिच्या हातात देतो, तिने कधी मागितलं नाही तरी. आता याला प्रेम म्हणायचं, धाक म्हणायचं की लाज, मला ठरवता येत नाही.

*

वर चिल्ड्रन ऑफ हेवनचं वाचलं म्हणून. त्यातला बाप मशिदीची साखर फोडत बसलेला असतो, समोर ढीग, आणि स्वतःच्या चहात घालायला लेकीकडे साखर मागतो. ती म्हणते ही एवढी आहे की, तर तो म्हणतो ही मशिदीची, आपली नाही. बस, एवढाच सीन.

आमची आई पर्समधलं ऑफिसचं पेन आम्हाला कधी लिहायला द्यायची नाही. चिक्कूपणा वाटायचा. परवा माझ्या लेकीने बॅगेतून पेन काढलं आणि मी सवयीने बोलून गेले, ठेव, ते ऑफिसचं आहे. तर म्हणते, आई, तू आजी झालीस.