अनुभव धागा: डेस्कटॉपचा प्लॅटफॉर्म (प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम यांचा संच) तुम्ही कधी बदललात, आणि कशावरून ठरवलेत?

नौपाडा, ठाणे

मी पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची पानमांडणी करते. माझा डेस्कटॉप २०१७ मध्ये जोडून घेतलेला आहे. त्यात कोअर आय५-७५०० प्रोसेसर, बी२५० चिपसेटचा (बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचा) मदरबोर्ड आणि डीडीआर४ प्रकारची १६ जीबी रॅम आहे. इतक्या वर्षांत त्याने एकदाही दगा दिलेला नाही, आणि म्हणूनच त्याला निरोप कधी द्यायचा हे ठरवणे मला जड जात आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार संपला. विंडोज ११ साठी इंटेलच्या आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीतला प्रोसेसर लागतो आणि माझा सातव्या पिढीतला आहे. वाढीव सुरक्षा-अपडेटसाठी नोंदणी केल्यामुळे ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत तेवढी हाती आहे. फक्त प्रोसेसर बदलून भागेल का, हे मी आधी पाहिले. माझ्या बोर्डावर आय७-७७०० बसतो आणि त्यामुळे चाराचे आठ थ्रेड (प्रोसेसर एकाच वेळी चालवू शकतो ती कामे) होतील, पण तोही सातव्याच पिढीतला असल्याने विंडोज ११ चा प्रश्न तसाच राहतो. सहा कोअरच्या (प्रत्यक्ष काम करणाऱ्या गाभ्यांच्या) आय५-८४०० च्या सॉकेटचे (प्रोसेसर बसतो त्या खाचेचे) नाव एलजीए ११५१ हेच असले, तरी त्याला ३०० मालिकेतला चिपसेट लागत असल्याने तो माझ्या बोर्डावर चालत नाही. म्हणजे प्रोसेसरबरोबर बोर्ड आला, आणि अगदी नवा बोर्ड घेतला तर डीडीआर५ रॅमही आली. डेटा सेंटरांच्या मागणीमुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव ज्या वेगाने चढले आहेत, ते पाहता हा खर्च मला सहज पेलण्यासारखा नाही.

कोणता प्रोसेसर किती वेगवान आहे, याचे तक्ते सगळीकडे मिळतात. तुमचे काम नेमके कुठे अडत होते हे तुम्ही कसे शोधलेत, जुन्यातले काय पुढे नेता आले, आणि आज मागे वळून पाहताना घाई झाली असे वाटते की उशीर, हे मात्र त्या तक्त्यांत नसते. ते कृपया सविस्तर लिहावे.

कासारवडवली, घोडबंदर रस्ता

मी लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संकलन करतो. २०१७ मध्ये रायझन ५ १६०० आणि बी३५० बोर्ड घेतला, तेव्हा एएमडी कंपनीचे एएम४ हे सॉकेट इतकी वर्षे साथ देईल अशी मला कल्पना नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये त्यापुढचे एएम५ आले आणि सगळेच बदलावे असे मनात आले. पण त्याच वर्षी जुन्या ३०० मालिकेच्या बोर्डांनाही रायझन ५००० चालवणारे बायोस (बोर्ड सुरू करणारी त्याच्या आतली प्रणाली) मिळू लागले होते. माझ्या बोर्डाच्या कंपनीने ते उपलब्ध केले आहे याची खात्री करून मी रायझन ७ ५७००एक्स घेतला. बारा कोअरचा ५९००एक्सही त्यात बसला असता. परंतु माझ्या बोर्डावर प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर हीटसिंक (उष्णता काढून घेणारा धातूचा भाग) नाही, आणि दीड-दीड तास चालणाऱ्या एक्सपोर्टमध्ये १०५ वॅटचा प्रोसेसर त्याच्या माथी मारणे मला पटले नाही. ५७००एक्स ६५ वॅटचा आहे. जे एक्सपोर्ट आधी ५२ मिनिटे घेत असे ते २८ मिनिटांत होऊ लागले आणि रॅम, बोर्ड, कॅबिनेट यांतले काहीही बदलावे लागले नाही.

दोन गोष्टी मात्र सांगितल्याच पाहिजेत. बायोस अपडेट जुना प्रोसेसर जागेवर असतानाच करून घ्यावे लागते, आणि आमच्या भागात पावसाळ्यात वीज जाते-येते म्हणून ते काम मी यूपीएस पूर्ण चार्ज झाल्यावरच केले. दुसरी गोष्ट मला महागात पडता पडता राहिली. एएम४ मध्ये पिना प्रोसेसरच्या अंगावर असतात. पाच वर्षांनी थर्मल पेस्ट इतकी चिकटून बसली होती, की कूलर सरळ वर ओढताच बंद सॉकेटमधून प्रोसेसरच त्याला लटकून बाहेर आला आणि कडेच्या तीन पिना वाकल्या. पातळ सुरीच्या पात्याने, भिंगाखाली धरून, त्या एकेक करून सरळ केल्या. यंत्र आधी दहा-पंधरा मिनिटे चालवून पेस्ट गरम होऊ द्यावी आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवून मगच उचलावा, हे मला त्यानंतर समजले.

ऐरोली

माझे उदाहरण याच्या उलट आहे. माझ्याकडे २०१३ सालचा कोअर आय७-४७७० आणि डीडीआर३ रॅम होती. त्या सॉकेटमध्ये वर चढायला घेण्यासारखी पायरीच उरली नव्हती, त्यामुळे दहा वर्षे थांबून २०२३ मध्ये मी रायझन ७ ७७०० घेऊन एएम५ वर आलो. मी सॉफ्टवेअर लिहितो. मोठा प्रकल्प पहिल्यापासून बिल्ड करायला (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवायला) किती वेळ लागतो याची नोंद मी दोन आठवडे वहीत ठेवली, आणि दिवसाकाठी जवळजवळ सव्वा तास मी केवळ वाट पाहण्यात घालवतो असे निघाले. त्या नोंदीमुळे घरात खर्चाचे कारण सांगणे सोपे गेले, आणि खरे तर स्वतःला सांगणेही.

मूळ प्रश्नकर्त्या ताईंना एक सुचवतो. टास्क मॅनेजरमध्ये दिसणाऱ्या प्रोसेसरच्या एकूण टक्केवारीवर विसंबू नका. तुमच्या प्रोसेसरला चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत. एखादे काम एकाच थ्रेडवर चालत असेल, तर तो कोअर पूर्ण भरलेला असतानाही एकूण आकडा २५ टक्क्यांच्या आसपास दिसतो आणि यंत्र निवांत बसले आहे असा समज होतो. आलेखावर उजवी कळ दाबून प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख दाखवायला सांगा आणि मग तुमचे सर्वांत जड काम चालवून पाहा. एकच कोअर भरत असेल तर जास्त कोअर घेऊन फारसा लाभ नाही, एकेक कोअर वेगवान असलेली नवी पिढी घ्यावी लागते. चारही भरत असतील तर कोअरची संख्या उपयोगी पडते. आणि एकही भरत नसेल, तर दोष रॅमचा किंवा डिस्कचा असण्याची शक्यता अधिक.

नव्या प्लॅटफॉर्मच्या काही खोडी आधी माहीत असत्या तर बरे झाले असते. पहिल्यांदा सुरू करताना एएम५ बोर्ड रॅमची जुळणी करतो आणि तेवढा वेळ, काही मिनिटेसुद्धा, पडदा काळाच राहतो. बोर्ड बिघडलेला आला असे वाटून मी तीनदा वीज बंद केली आणि तीनदा ती प्रक्रिया पहिल्यापासून सुरू झाली. पुढे १६ जीबीच्या दोन पट्ट्यांना तशाच आणखी दोन जोडल्या, तर रॅमचा वेग ३६०० पर्यंत खाली आला. चार पट्ट्या असतील तर या प्रोसेसरचा अधिकृत वेग तेवढाच आहे. त्यामुळे डीडीआर५ घेताना पुढची गरज ओळखून पहिल्यांदाच दोन मोठ्या पट्ट्या घ्याव्यात. यंत्राबरोबर आलेला विंडोजचा ओईएम परवाना जुन्या बोर्डाशी बांधलेला असतो, तो नव्या बोर्डावर हक्काने नेता येत नाही. हा खर्चही हिशोबात धरावा.

खारघर

मुलाने गेमसाठी पूर्ण प्लॅटफॉर्म बदलून मागितला होता. त्याच्याकडे बी४५० बोर्ड, रायझन ५ ५६०० आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड आहे. मी त्याला तोच गेम १०८० ऐवजी ७२० रिझोल्यूशनवर चालवून पाहायला सांगितले. रिझोल्यूशन उतरवले की ग्राफिक्स कार्डावरचा भार हलका होतो, प्रोसेसरवरचा जवळजवळ तेवढाच राहतो. सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम ४५ वरून ७० च्या वर गेल्या. म्हणजे कमी पडत होते ते कार्ड, प्रोसेसर नाही. आम्ही फक्त कार्ड घेतले, आणि प्लॅटफॉर्मचा विषय त्याच्या बारावीनंतर काढायचे ठरले आहे. कार्ड निवडताना एक पाहिले, की बी४५० वर पीसीआय एक्स्प्रेसची (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या खाचेची) तिसरी पिढी आहे आणि काही नवी कार्डे आठच लेन (डेटा जाण्याच्या वाटा) वापरतात, त्यामुळे अशा कार्डांचे या बोर्डावर थोडे नुकसान होते.

वाशी

मी करसल्लागार आहे. माझ्या कार्यालयातल्या चार यंत्रांचे प्रोसेसर सहाव्या पिढीतले होते, पण रॅम डीडीआर४ होती, आणि तीच वाचवायची असे मी ठरवले. इंटेलच्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत निघाले आहेत. त्यांतले डीडीआर४ वाले एच६१० बोर्ड आणि कोअर आय५-१२४०० घेऊन जुनी रॅम, एसएसडी, कॅबिनेट तसेच ठेवले. २४०० वेगाच्या जुन्या पट्ट्या नव्या बोर्डावर त्याच वेगाने विनातक्रार चालतात. आमच्या हिशोबाच्या कामात त्यांचा वेग कमी असल्याचे कधी जाणवले नाही.

चूक एका यंत्रात झाली. दुकानदाराने १२४०० ऐवजी १२४००एफ दिला आणि बिलावरचे ते एक अक्षर माझ्या नजरेतून सुटले. एफ असलेल्या प्रोसेसरमध्ये अंतर्गत ग्राफिक्स नसते, त्यामुळे वेगळ्या कार्डाशिवाय पडद्यावर काहीच उमटत नाही. महिन्याची १८ तारीख होती आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी हे जीएसटीचे विवरणपत्र भरण्याची मुदत. ते दोन दिवस एका सहकाऱ्याला माझ्या लॅपटॉपवर बसवावे लागले. बदल महिन्याच्या २१ ते २५ तारखेदरम्यानच करायचा, हा नियम तेव्हापासून पाळतो.

पाचपाखाडी, ठाणे

मी घरच्या छोट्या स्टुडिओत तबला आणि संवादिनीचे ध्वनिमुद्रण करतो. कोअर आय७-३७७० वरून बाराव्या पिढीवर गेलो तेव्हा प्रोसेसरचा, रॅमचा, विजेचा असा सगळा विचार केला होता; पण ज्यावर माझे सगळे काम चालते ते साउंड कार्ड जुन्या पीसीआय खाचेत बसणारे आहे, आणि नव्या बोर्डावर ती खाचच नाही, हे बोर्ड घरी आल्यावर लक्षात आले. अ‍ॅडॉप्टर आणून पाहिला, परंतु कार्डाचे ड्रायव्हर नव्या विंडोजवर चालेनात. सात महिने जुन्या यंत्रावर ध्वनिमुद्रण आणि नव्यावर मिश्रण असे दोन संसार चालवले, आणि शेवटी यूएसबी इंटरफेस घेतला. त्या इंटरफेसची किंमत नव्या प्रोसेसरपेक्षा जास्त होती. आपल्या यंत्राला मागून आणि आतून काय काय जोडलेले आहे, याची यादी बोर्ड निवडण्याआधी करावी.

नेरूळ

गेली अनेक वर्षे मी संगणक जोडणीचे आणि दुरुस्तीचे काम करतो. माझ्या अनुभवात प्लॅटफॉर्म बदलण्याचे सर्वांत निर्विवाद कारण म्हणजे बोर्ड जाणे. खाडीकाठच्या दमट, खाऱ्या हवेत कॅबिनेटचे स्क्रू आणि मागचे पोर्ट गंजतात, आणि दहा वर्षांच्या बोर्डाला दुरुस्तीचा खर्च करण्यात अर्थ राहत नाही. बंद झालेल्या सॉकेटचा नवा बोर्ड सहसा मिळत नाही. जुन्या बाजारातला घेतला तर तो किती तापला, किती भिजला हे कळायला मार्ग नसतो. म्हणून ज्यांची उपजीविका यंत्रावर आहे त्यांना मी सांगतो, की बोर्ड पहिल्यांदा विनाकारण बंद पडू लागला की महिनाभरात निर्णय घ्या, तो पूर्ण बसण्याची वाट पाहू नका. शिवाय डेटाची प्रत आधी काढून ठेवा.

पुढे वाढण्याची सोय हवी असेल तर एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देऊ असे एएमडीने जाहीर केले आहे, आणि २०२४ चे रायझन ९००० त्याच सॉकेटात बसतात. एलजीए १७०० चा प्रवास चौदाव्या पिढीपाशी संपला आणि इंटेल एलजीए १८५१ वर गेली. पण गिऱ्हाईक खरोखर चार वर्षांनी त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर बसवायला येते का, हे मी पाहत आलो आहे. येणारे फार थोडे. जे नऊ-दहा वर्षांनी एकदाच बदल करतात त्यांनी पुढच्या पिढीच्या आश्वासनासाठी आज जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. खरेदी करताना प्रोसेसर सीलबंद खोक्यातला आहे का ते पाहा. सुट्या, ट्रेमधल्या प्रोसेसरला बहुधा कंपनीची वॉरंटी मिळत नाही, दुकानाचीच असते. आणि बिलावर प्रत्येक भागाचा अनुक्रमांक लिहून घ्या.

नौपाडा, ठाणे

सर्वांची मनापासून आभारी आहे. ऐरोलीच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे प्रत्येक कोअरचा आलेख उघडून ३२० पानांच्या सचित्र पुस्तकाची पीडीएफ काढून पाहिली. एक कोअर सुरुवातीपासून शेवटपर्यंत पूर्ण भरलेला होता, उरलेले तीन बहुतेक वेळ रिकामेच होते, आणि १६ जीबीपैकी साडेअकरा जीबी रॅम वापरात होती. म्हणजे रॅम मला पुरते आहे, आणि आठ थ्रेडचा आय७ शोधत बसले असते तर ते पैसे वाया गेले असते.

वाशीच्या काकांच्या वाटेने जायचे ठरवले आहे, म्हणजे डीडीआर४ चा एलजीए १७०० बोर्ड, एफ नसलेला आय५-१२४००, आणि रॅम आहे तीच. हे सॉकेट पुढे वाढणार नाही हे नेरूळच्या दादांनी सांगितलेच आहे. पण मी आठ-नऊ वर्षांनी एकदाच बदल करते, त्यामुळे ते मला चालेल. पाचपाखाडीचा अनुभव वाचून मागच्या बाजूचे सगळे पोर्ट तपासले, तर रंगजुळणीसाठी वापरत असलेला माझा जुना मॉनिटर फक्त डीव्हीआय जोडणीचा निघाला, म्हणून बोर्डाच्या मागे डीव्हीआय पोर्ट आहे का हे आता पाहावे लागेल. नसल्यास एचडीएमआयवरून डीव्हीआय करणारी केबल घेईन. हातातले पुस्तक या महिन्याच्या २० तारखेला छापखान्यात जाईल. त्यानंतरच्या शनिवारी दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरणार आहे आणि लॅमिंग्टन रोडवर दोन-तीन दुकानांत भाव विचारून मगच बोर्ड घेणार आहे. तोवर डीव्हीआय असलेला एखादा डीडीआर४ बोर्ड कोणी स्वतः वापरला असेल, तर त्याबद्दल जरूर लिहावे.